सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सीझनमधली एकच मैफल ऐकायची असेल, तर नाशिककराने कोणती निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता नाशिकला, गाणं ऐकता पण आपलंच, पाश्चात्त्य संगीताशी ओळख जवळपास नाही. मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा येता सीझन जवळ आलाय आणि जाणं एकदाच जमणार. मग कोणत्या दिवसाचं तिकीट काढावं?

आधी उत्तर सांगून टाकतो. पत्रकावर कंडक्टरचा, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी सगळा ताफा चालवणाऱ्याचा, मोठा फोटो असेल, त्याच्यावर जाऊ नका. पाहुण्या वादकाच्या पुरस्कारांच्या यादीवर तर नकोच. त्या संध्याकाळी वाजणार काय, ती बारीक अक्षरातली ओळ वाचा. मध्यंतराआधी एखादा कॉन्चेर्टो आणि मध्यंतरानंतर एकोणिसाव्या शतकातली एखादी सिम्फनी, म्हणजे सगळ्या ताफ्यासाठी लिहिलेली अनेक भागांची मोठी रचना असेल, तर डोळे झाकून तो कार्यक्रम घ्या.

कॉन्चेर्टो अशासाठी की मुख्य कलाकार एक आणि बाकीचे भोवती, ही बैठक आपल्या ओळखीची आहे. पुढे एकटं व्हायोलिन किंवा पियानो, मागे पन्नास-साठ जणांचा ताफा. फक्त मागच्यांना साथीदार समजू नका. ते मध्येच विषय हिसकावून घेतात, एकट्याला गप्प बसवतात, मग पुन्हा वाट करून देतात. सहसा तीन भाग असतात, जलद, संथ, पुन्हा जलद, आणि सगळं मिळून साधारण अर्धा-पाऊण तास. बहुतेक वेळा पहिल्या भागात एक जागा अशी येते की सगळा ताफा थांबतो आणि वादक एकटाच वाजवत राहतो. तिला कॅडेन्झा म्हणतात. जुन्या काळी तिथे वादक ऐनवेळी सुचेल ते वाजवत, आता बहुतेकदा ती जागाही लिहिलेलीच असते. तरी ताना-पलट्यांवर वाढलेला माणूस तिथे आपसूक सावरून बसतो.

मेंडेल्सनचा ई मायनरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो पत्रकात दिसला, तर पुढचा विचार करू नका. 1845 साली लाइपझिगमध्ये तो पहिल्यांदा वाजला. प्रस्तावना वगैरे काही नाही, सुरुवातीलाच व्हायोलिन शिरतं. शिवाय तिन्ही भाग एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या हा नवख्याचा घोळच मिटतो.

टाळ्यांचं आत्ताच सांगतो. इथे भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, आणि 'क्या बात है' तर मनातल्या मनातच. आपल्या माणसाला हे जड जातं, मलाही जातं. समेवर आलेली दाद गिळायची म्हणजे शिक्षाच. सोपा उपाय असा की कंडक्टरचे हात पूर्ण खाली येऊन तो आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीत तर खरी परीक्षा असते. तिसरा भाग असा धडाक्यात संपतो की सगळ्यांना वाटतं झालं, सभागृहात हमखास टाळ्या पडतात. शेवटचा, संथ आणि दुःखी भाग अजून व्हायचाच असतो.

आता सिम्फनी. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला द्वोर्झाकची नववी. 'नव्या जगातून' या नावाने ती ओळखली जाते. द्वोर्झाक मूळचा बोहेमियाचा, अमेरिकेत संगीत शिकवायला गेला होता, तेव्हाची ही रचना. 1893 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या भागात कॉर आंग्ले नावाचं एक सुषिर वाद्य आहे, ओबो या सनईसारख्या वाद्याचा थोरला भाऊ. त्याची धून इतकी सरळ आहे की घरी येईपर्यंत ती तोंडात बसते. आणि शेवटच्या भागात एक गंमत बघा. झांजवाला कुठे उभा आहे ते आधी शोधून ठेवा. अख्ख्या सिम्फनीत, म्हणजे चाळीसएक मिनिटांत, झांज एकदाच वाजते, आणि तीही हळू. तेवढ्यासाठी तो माणूस सगळा वेळ मोजत बसलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये हा आवाज निसटून जातो, समोर बघताना मात्र तो उठून झांजा हातात घेतो तेव्हाच आपला श्वास अडकतो.

बीथोव्हनची पाचवी असेल तर तीही चालेल. तिचे पहिले चार सूर तुम्ही ऐकलेले असणारच. पण लक्ष ठेवा ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य फुंकणाऱ्यांवर. पहिले तीन भाग ते हात बांधून बसतात. तिसऱ्या भागाच्या शेवटी आवाज अगदी कुजबुजीवर येतो, ड्रम हलकेच ठोके देत राहतो, आणि न थांबता चौथा भाग उघडतो तेव्हा ही मंडळी पहिल्यांदा फुंकतात. 1808 साली व्हिएन्नात हे ऐकणाऱ्यांचं काय झालं असेल, कल्पना करा.

पहिल्या वेळेला माहलर आणि ब्रुकनर या संगीतकारांच्या सिम्फनी नकोत. वाईट म्हणून नव्हे, तास-सव्वा तास चालणाऱ्या रचना आहेत, आणि ओळख नसताना माणूस घड्याळ बघायला लागतो.

रावेलचं 'बोलेरो' असेल तर त्यासाठी वेगळी शिफारस, खास नाशिककरांना. गणपतीच्या आधी गोदाकाठी ढोलपथकांचा सराव ऐकून आपण मोठे झालो. लय चढली की अंगात येतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. 1928 च्या या रचनेत लय चढतच नाही. एक छोटा ड्रम सुरुवातीपासून तोच एक ठेका, त्याच गतीत, पंधराएक मिनिटं वाजवत राहतो. धूनही तीच. वाढतात ती फक्त वाद्यं आणि आवाज. तरीही शेवटी खुर्चीचे हात घट्ट धरावे लागतात. त्या ड्रमवाल्याची मला कायम कीव येते.

झाकिरभाईंची 'पेशकार' ही तबल्यासाठी रचलेली कृती याच ऑर्केस्ट्राने 2015 मध्ये पहिल्यांदा सादर केली. अशा धर्तीचं काही पत्रकात असेल तर मोह होणारच. माझा सल्ला, ती दुसऱ्या खेपेला ठेवा. एकदाच जायचंय तर पाश्चात्त्य संगीताचं घर त्याच्याच सामानासकट बघावं.

सभागृहाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पिंपळपारावरची पाडवा पहाट असो की कालिदास कलामंदिर, आपले कान स्पीकरला सरावलेत. हे कार्यक्रम होतात त्या नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलासंस्थेच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिम्फनीला माइक नसतो. लाकूड, तार, फुंक आणि भिंती, बस्स. पहिली पाच मिनिटं आवाज कमी वाटेल. मग कान आपोआप पुढे सरकतो आणि डावीकडून व्हायोलिन, उजवीकडून चेलो-बास ही खर्जातली तंतुवाद्यं असं वेगवेगळं कळायला लागतं. म्हणून पहिल्या रांगांसाठी जास्त पैसे मोजू नका. तिथून पुढच्या तंतुवाद्यांचे बूट दिसतात आणि मागचे पितळी वाद्यवाले दिसतच नाहीत. मधल्या रांगा किंवा बाल्कनी उत्तम. पियानो कॉन्चेर्टो असेल तर मात्र मध्याच्या डावीकडे बसा, वादकाचे हात तिथूनच दिसतात.

जायच्या आधीच्या आठवड्यात त्या दोन रचना मोबाइलवर तीन-चार वेळा ऐका, भाजी निवडताना ऐकल्या तरी चालतील. संगीतकाराचं चरित्र वाचलं नाही तरी काही बिघडत नाही. धून ओळखीची असली की ती परत येते तेव्हा कळतं, आणि सिम्फनीची सगळी मजा त्या परत येण्यातच असते. रागाची बढत ओळखता येणाऱ्याला हे फार लवकर जमतं.

हा ऑर्केस्ट्रा 2006 मध्ये सुरू झाला. वर्षभर दर आठवड्याला कार्यक्रम नसतात, कारण बरेच वादक परदेशातून सीझनपुरते येतात. मोठे सीझन साधारण दोन, एक वर्षाच्या सुरुवातीला आणि दुसरा पावसाळा सरता सरता. पर्याय असेल तर मी पहिला निवडीन. सप्टेंबरात कसारा घाटात कधी काय होईल याचा भरवसा नाही, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर दार बंद होतं. उशिरा आलेल्याला पहिली रचना संपेपर्यंत बाहेरच थांबावं लागतं.

म्हणून दुपारच्या गाडीवर विसंबू नका, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जा. सीएसएमटीहून आता मेट्रो 3 ने विधान भवन स्थानकावर उतरलात की नरिमन पॉइंटला चालत जाता येतं. परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सुटते, म्हणजे ती तुमच्या कामाची नाही. रात्रीच्या गाडीचं आरक्षण तिकिटाबरोबरच करून टाका, नाहीतर मुंबईत कोणाकडे तरी मुक्काम ठरवा. मध्यंतर धरून कार्यक्रम साधारण दोन तासांचा असतो.

तिकिटं एनसीपीएच्या संकेतस्थळावर मिळतात. सभासदांना आधी संधी असते, त्यामुळे सर्वांसाठी विक्री खुली होते तेव्हा मधल्या बऱ्याच जागा गेलेल्या असू शकतात. बाल्कनी पहिल्याच दिवशी धरा. आणि पत्रक हातात आलं की कोणत्या दिवशी काय आहे ते खाली लिहा, नेमका कार्यक्रम निवडायला मदत करतो.