वाचकांचे प्रश्न : पाठ एक, विद्यार्थी अनेक देशांचे

प्रश्न : मी गोव्यातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला संशोधन पद्धती हा विषय शिकवते. नेपाळ, केनिया आणि पोर्तुगाल येथील काही विद्यार्थी हाच विषय ऑनलाइन घेतात. दर सत्राला मला व्हिडिओ नव्याने करावे लागतात. गोव्याची उदाहरणे त्यांना कळत नाहीत म्हणून काढून टाकली, तर पाठ अगदीच कोरडे झाले. एकदा केलेला अभ्यासक्रम चार-पाच वर्षे वापरता येईल, अशी रचना कशी करावी?
— एक प्राध्यापिका, फोंडा

उत्तर : उदाहरणे काढून टाकल्यावर पाठ आळणी होणारच. एखादा पाठ विशिष्ट परिस्थितीत जितका रुजलेला असतो तितका तो चांगला शिकवतो, आणि तितकाच तो दुसरीकडे वापरायला अवघड जातो, हा पेच डेव्हिड वायली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने पूर्वीच मांडलेला आहे. त्यावरचा व्यवहारी मार्ग असा, की उदाहरण ठेवावे, पण ते संकल्पनेपासून सुटे ठेवावे.

नमुना निवडीचाच, म्हणजे सगळ्यांऐवजी कोणाकोणाला विचारायचे हे ठरवण्याचा, पाठ घेऊ. गोव्यातील चोडण बेटाच्या खाजनशेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, खारे पाणी शिरते, त्याबद्दल शेतकऱ्यांना काय वाटते, याचा अभ्यास एका विद्यार्थिनीला करायचा आहे असे समजा. बांधावर, मानशीजवळ (बांधातील पाणी अडवणाऱ्या दारापाशी) जे भेटतील त्यांच्या मुलाखती तिने घेतल्या, तर तिला फक्त अजून शेती करणारेच भेटतील; शेत पडीक टाकून रोज सकाळी फेरीबोटीने रायबंदरला उतरून पणजीला नोकरीला जाणारे तिच्या नमुन्यात येणारच नाहीत, आणि खाऱ्या पाण्याचा फटका कदाचित त्यांनाच सर्वाधिक बसलेला असेल. आता या पाठाचे तीन तुकडे करा. पहिला, सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात समष्टी (ज्यांच्याबद्दल अभ्यास करायचा ते सगळे), त्यांची यादी आणि त्यातून निवडलेला नमुना यांचे नाते सांगितलेले असेल, पण गावाचे नाव कुठेही नसेल. दुसरा, चोडणचे उदाहरण, लिखित स्वरूपात, भरतीचे पाणी मानस कशी अडवते हे चार ओळींत समजावून. तिसरा, एक रिकामा तक्ता : तुमच्या अभ्यासातील समष्टी कोणती, तिची यादी कोठे मिळेल, त्या यादीतून कोण सुटेल? केनियातील किसुमूचा विद्यार्थी येथे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी होड्या लागतात ती जागा लिहील आणि होडी विकून शहरात गेलेले मच्छीमार आपल्याला तेथे भेटणार नाहीत, हे त्याचे त्यालाच उमगेल. पुढच्या वर्षी, त्याची लेखी परवानगी घेऊन, तोच तक्ता दुसरे उदाहरण म्हणून ठेवता येईल. पहिल्या तुकड्याला हात लावावा लागणार नाही.

व्हिडिओ लवकर शिळे होतात ते बहुधा बोलण्याच्या सवयीमुळे. ‘मागच्या आठवड्यात आपण पाहिले’, ‘सोमवारपर्यंत जमा करा’ अशी वाक्ये ध्वनिमुद्रणात नकोत. तारखा मूडलवर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर, द्याव्यात. सॉफ्टवेअरमध्ये कोठे क्लिक करायचे, हेही व्हिडिओत दाखवू नये, कारण त्याची पुढची आवृत्ती आली की सारे पुन्हा करावे लागते. प्रत्येक व्हिडिओची संहिता लिहून ठेवावी. इंटरनेट मंद असेल तेथे विद्यार्थी तीच वाचतात, आणि दुरुस्तीही तिच्यात सोपी जाते.

संशोधन नीतीचा भाग मात्र दोन थरांत करावा लागेल. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही माणसांवरील संशोधनाच्या नीतीविषयीच्या अमेरिकेतील बेलमाँट अहवालातील 1979 ची तत्त्वे सर्वांना सारखीच शिकवता येतात. कायदे मात्र देशागणिक वेगळे आहेत. पोर्तुगालमधील विद्यार्थ्याला युरोपीय संघाचा 2018 पासून लागू झालेला विदा-संरक्षण (व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा) नियम पाहावा लागेल, आपल्याकडे 2023 चा कायदा आहे. हे सारे आपण सांगत बसू नये. आपापल्या देशाचा नियम शोधून त्यानुसार संमतिपत्र तयार करणे, हाच स्वाध्याय द्यावा. असा स्वाध्याय दर वर्षी आपोआप नवा होतो, एरवी प्रश्नपत्रिकेची उत्तरे एका तुकडीकडून दुसरीकडे जायला वेळ लागत नाही.

थेट तासिका कमीच ठेवाव्यात. गोव्यात सायंकाळचे सात वाजतात तेव्हा नैरोबीत साडेचार, काठमांडूत सव्वासात आणि लिस्बनमध्ये हिवाळ्यात दुपारचा दीड वाजलेला असतो, ही वेळ त्यातल्या त्यात सोयीची आहे. उन्हाळ्यात लिस्बनची घड्याळे एक तास पुढे जातात, हे वेळापत्रकात लिहून ठेवावे.

परवान्याचा विषय थोडक्यात : साहित्याची मालकी आपली की संस्थेची, हे आधी लेखी विचारून घ्यावे. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना साहित्य ठरावीक अटींवर मोफत वापरू देणारा, परवाना देणार असाल, तर बदल करण्यास मनाई करणारा प्रकार निवडू नये, नाहीतर उदाहरणे बदलण्याची सोयच उरणार नाही. नियतकालिकांतील लेखांच्या पीडीएफ चढवण्याऐवजी दुवे द्यावेत.

सगळा अभ्यासक्रम एकदम करायला घेऊ नका. नमुना निवडीचा एकच घटक तयार करा आणि दुसऱ्या विषयाच्या एखाद्या सहकाऱ्याला, आपल्या मदतीशिवाय, तो शिकवायला सांगा. तरीही ते फोन करून जे जे विचारतील, ते शिक्षकासाठीच्या सूचनापत्रात लिहून ठेवा आणि मगच पुढच्या घटकाकडे वळा.