पेन्सिल्वेनियात ओढ्याकाठच्या उघड्या कोळसा खाणीनंतर राज्य सरकार जमीन पूर्ववत करून घेते का?

आपल्या घराजवळच्या ओढ्याकाठी उघड्या कोळसा खाणीसाठी अर्ज आला आहे आणि खाण संपल्यावर राज्य सरकार जमीन खरोखर पूर्ववत करून घेईल का, असे आपण विचारले आहे. पश्चिम पेन्सिल्वेनियातील भूजल हा माझ्या कामाचा विषय असल्याने स्पष्ट सांगतो: जमिनीपेक्षा पाण्याची काळजी अधिक करा.

कोळसा खाणी आणि त्यानंतर जमीन पूर्ववत करणे याबाबतच्या 1977 च्या संघीय कायद्याची अंमलबजावणी येथे 1982 पासून राज्यच करते, सध्या त्याच्या पर्यावरण संरक्षण विभागामार्फत. वरची सुपीक माती वेगळी साठवणे, खड्डा भरून उताराला साधारण मूळचा आकार देणे आणि तेथे झाडोरा रुजवणे हे कंपनीवर बंधनकारक असते. ओढ्यापासून 100 फुटांच्या आत खोदण्यास मनाई आहे. मात्र विशेष परवानगीने सूट मिळू शकते, म्हणून अर्जात ती मागितली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे हमीची रक्कम. कंपनी बुडाली आणि काम राज्याला करावे लागले, तर त्यास येणाऱ्या पूर्ण खर्चाइतकी हमी खोदकामापूर्वीच घेण्याचे धोरण राज्याने 2001 मध्ये स्वीकारले. त्याआधीची एकरी ठरावीक रक्कम अनेकदा अपुरी पडत असे. हमी टप्प्याटप्प्याने सुटते आणि तिचा अखेरचा हिस्सा झाडोरा रुजल्यावर किमान 5 वर्षांनीच परत मिळतो.

पाण्याचे मात्र तसे नाही. कोळशालगतच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज असते. फोडलेल्या खडकाला हवा आणि पाणी लागले की त्यातून आम्ल तयार होते, धातू विरघळतात आणि उतारावर हिरवे गवत डोलत असतानाही खालच्या झऱ्यातून नारिंगी गाळाचे पाणी ओढ्यात येत राहते, कधीकधी कित्येक दशके. म्हणूनच परवान्यापूर्वी खडकाचे नमुने काढून त्यात आम्ल किती आणि ते शमवणारा चुना किती, याचा ताळा मांडला जातो. तो अहवाल आपण मागून वाचावा. नमुन्यांची छिद्रे ओढ्याच्या बाजूला पुरेशी घेतली नसतील, तर माझ्या मते हरकतीचा तोच सर्वांत भक्कम मुद्दा ठरतो.

अर्जाची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रात सलग 4 आठवडे येते. शेवटच्या जाहिरातीनंतर 30 दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते आणि अधिकाऱ्यांसमोर बैठकीचीही मागणी करता येते.

आपली विहीर असेल, तर खाण सुरू होण्यापूर्वीच तिचे आणि ओढ्याचे पाणी सामू, लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम आणि सल्फेट यांसाठी प्रयोगशाळेत तपासून घ्या. खाणीने बाधित झालेल्या क्षेत्राच्या सीमेपासून 1,000 फुटांच्या आत पाणीपुरवठा बिघडल्यास तो खाणीमुळेच बिघडला असे राज्याचा कायदा गृहीत धरतो आणि पर्यायी पाणी देणे कंपनीवर येते. परंतु कंपनीला पूर्वतपासणीसाठी आपण आवारात येऊ दिले नाही, तर हे गृहीतक खोडून काढण्याची सोय तिला मिळते. तेव्हा ती तपासणी नाकारू नका, अहवालाची प्रत मात्र अवश्य घ्या. पुढे पाण्याचा रंग बदललेला दिसला, तर विभागाकडे लेखी तक्रार करा. त्या तक्रारीवरून पाहणी झाली, तर निरीक्षकासोबत खाणीत जाण्याचा हक्क कायद्याने आपल्याला आहे.