जीआर86 हिवाळ्यात चालवायची का? मिशिगनपुरतं उत्तर

डेट्रॉइटजवळ नोव्हायला नोकरी, उन्हाळ्यात हौसेने घेतलेली मॅन्युअल जीआर86 (टोयोटाची मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार), आणि ऑफिसातले सगळे म्हणताहेत की थँक्सगिव्हिंगच्या आत ती विका, नाहीतर झाकून ठेवा आणि एखादी जुनी ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद जाणारी) घ्या. ऐकायचं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: विकायची गरज नाही. मात्र आत्ता जे टायर आहेत त्यांवर नोव्हेंबरच्या मध्यानंतर गाडी बाहेर काढू नका. प्रीमियम ट्रिम (वरचं मॉडेल) म्हणताय, म्हणजे 18 इंची रिमवर मिशेलिन पायलट स्पोर्ट 4. हे निव्वळ उन्हाळी टायर. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचं रबर कडक व्हायला लागतं, मग बर्फ पडलेला असो वा नसो. स्वच्छ ऊन, कोरडा रस्ता, उणे 3 तापमान, अशा सकाळी पहिल्याच वळणावर बूड हललं की लोक रिअर व्हील ड्राइव्हला शिव्या घालतात. खरा दोष टायरचा असतो. उणे 7च्या खाली तर असे टायर नुसते फिरले तरी ट्रेडला चिरा जाऊ शकतात, असं टायर कंपन्या स्वतःच बजावतात.

ऑल व्हील ड्राइव्हबद्दल एकदाच सांगतो, कारण दर हिवाळ्यात हाच वाद होतो. ती गाडी हलवायला मदत करते. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, त्यामुळे थांबताना फक्त टायर कामाला येतो. ताशी 30 मैलांवरून थांबायला कोरड्या डांबरावर 11-12 मीटर पुरतात. दाबून बसलेल्या बर्फावर घर्षण धरा 0.25, तर 37 मीटर. चकाकत्या बर्फावर 0.1 धरा, तर 90 मीटरच्या पुढे. यात तुमची प्रतिक्रियेची वेळ धरलेलीच नाही. बर्फाच्या दिवशी आय-96 महामार्गाच्या कडेला चरात गेलेल्या गाड्या बघा, एसयूव्ही भरपूर दिसतील. झटकन निघता आलं म्हणून झटकन थांबताही येईल असं त्यांना वाटलेलं असतं.

तेव्हा खर्च टायरवर करा. बाजूला डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलेले खरे विंटर टायर, चारही. फक्त मागे दोन घालून पैसे वाचवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. मागे पकड आणि पुढे साबण अशी गाडी वळणावर सरळ जाते. वेगळ्या रिमवर चढवून घ्या आणि 17 इंची घ्या, बेस ट्रिमचाच 215/45 साइज. साइडवॉल जरा जाड मिळतो, खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी, आणि मिशिगनचे फेब्रुवारीतले खड्डे तुम्ही अजून पाहिलेले नाहीत. ब्रेम्बोच्या मोठ्या ब्रेकचं पॅकेज असेल तर 17 इंची रिम कॅलिपरवर बसते का ते आधी विचारा. दुसऱ्या सेटमध्ये प्रेशर सेन्सर घातले नाहीत तर डॅशबोर्डवरचा दिवा हिवाळाभर जळत राहील. प्रेशर तसंही तापमान 10 फॅरनहाइटने उतरलं की साधारण 1 पीएसआयने पडतं, महिन्यातून एकदा बघत जा.

डिकीत वाळूची पोती टाका हा सल्ला पिकअपवाल्यांचा. त्यांचा मागचा हौदा रिकामा असतो म्हणून त्यांना ते लागतं. तुमच्या गाडीत इंजिन पुढे असलं तरी मागच्या चाकांवर निम्म्याच्या जरा खाली वजन असतंच. ॲक्सलच्या मागे आणखी ओझं टाकलं तर घसरलेलं बूड आवरणं उलट जड जातं. वजनाची मजा पाहायची तर पोर्शे 911 बघावी. इंजिन पार मागे, थेट ढकलणाऱ्या चाकांवर. 1968, 69 आणि 70 अशी सलग तीन वर्षं तिने बर्फाळ डोंगरी रस्त्यांवरची माँटे कार्लो रॅली मारली, तीही फक्त मागच्या चाकांच्या जोरावर.

आता चालवणं. सगळ्यात त्रास मोकळ्या रस्त्यावर होत नाही, सिग्नलला होतो. टेलिग्राफ रोडवर मिशिगन लेफ्ट (थेट डावीकडे न वळता पुढे जाऊन यू-टर्न) घ्यायला दुभाजकातल्या यू-टर्नच्या पट्ट्यात थांबता ना, तिथे तुमच्या आधीच्या शेकडो गाड्यांनी चाकं फिरवून बर्फाची काच केलेली असते. त्यात पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार. जीआर86ला टॉर्सन डिफरन्शियल आहे, म्हणजे एक चाक फिरलं की दुसऱ्यालाही ताकद जाते. निघायला हे चांगलं, पण दोन्ही चाकं एकदम सुटली की बाजूला धरून ठेवायला कोणीच उरत नाही आणि बूड हळूहळू उताराच्या बाजूला, कर्बकडे सरकतं. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक गरगरतं आणि दुसरं निदान रेष धरून असतं. म्हणून तिथे दुसऱ्या गिअरमध्ये निघा, क्लच सावकाश सोडा, रेस जवळजवळ देऊच नका. चाक फिरायला लागलं तर पाय उचला, आणखी दाबू नका. पहिल्या पावसात बोरघाट उतरताना पाय आपोआप हलका होतो, तसाच इथे चार महिने ठेवायचा.

दुसरी गोष्ट नवख्यांना माहीत नसते: या गाडीत इंजिन ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांवर होतं. एक्झिट रॅम्पवर वेग जास्त वाटला म्हणून रेव्ह (इंजिनचे फेरे) न जुळवता खटकन दुसरा गिअर टाकला, तर हँडब्रेक ओढल्यासारखाच परिणाम. आधी सरळ रस्त्यावर ब्रेकने वेग कमी करा, मग वळा. तरी बूड सुटलंच तर क्लच पूर्ण दाबा, ते ज्या बाजूला गेलंय त्याच बाजूला स्टेअरिंग द्या आणि नजर जायचंय तिकडे ठेवा. खांबाकडे बघाल तर खांबाकडेच जाल. गाडी सावरायला लागली की स्टेअरिंग लगेच परत आणा. नवीन माणूस पहिली घसरण सांभाळतो आणि उलट्या झटक्यात फसतो. हे वाचून येत नाही. पहिल्या बर्फानंतर एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, मालकाची परवानगी घेऊन, दिव्याच्या खांबांपासून लांब, तासभर मुद्दाम घसरवून बघा.

स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरती गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) रस्त्यावर चालू ठेवा. अमेरिकेत 2012 मॉडेलपासून ते प्रत्येक नव्या कारला सक्तीचं आहे, आणि उगीच नाही. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र भुसभुशीत बर्फात अडकल्यावर बंद करावं लागतं, कारण चाक फिरलं की ते ताकद कापतं आणि गाडी जागेवरच बसते. बाहेर पडलात की पुन्हा चालू.

आता खरी मर्यादा. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम 13 सेंटीमीटरवर आहे. त्याहून जास्त बर्फ साचला की गाडी त्यावर पोट टेकते, चाकं मोकळी फिरतात आणि जगातला कुठलाही टायर उपयोगाचा नाही. डेट्रॉइटकडे वर्षाला सरासरी 45 इंच बर्फ पडतो आणि मुख्य रस्ते लवकर साफ होतात, त्यामुळे असे दिवस थोडे. तुमची गल्ली शेवटी साफ होत असेल तर त्या दिवशी घरून काम. ग्रँड रॅपिड्सला राहत असता, जिथे मिशिगन तळ्यावरून येणारा बर्फ धरून आकडा 75च्या वर जातो, तर मी दुसरी गाडी घ्या असंच म्हटलं असतं. आणि उडत्या बर्फात पुढचं काहीच दिसेनासं होऊन पांढरा अंधार पसरला की कुठलीच गाडी नको. 9 जानेवारी 2015ला कॅलमझूजवळ आय-94वर 193 गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यात सगळ्या प्रकारच्या होत्या. अडकलातच आणि इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू आत येतो.

बर्फापेक्षा जास्त नुकसान मीठ करतं. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, तेव्हा इथे रस्त्यावर मीठ टाकताना कोणी हात आखडत नाही. ऑक्टोबरमध्ये खालून लॅनोलिनचा फवारा मारून घ्या. तापमान शून्याच्या वर गेलेला दिवस गाठून खालची बाजू धुवा आणि लगेच दारांचे रबर पुसा. या गाडीच्या काचांना चौकट नाही. दार उघडताना काच जराशी खाली उतरते. रबराला चिकटून गोठली तर उतरत नाही, आणि घाईत दार ओढलं तर रबर फाटतं. सीलना सिलिकॉन ग्रीस लावलं की प्रश्न मिटतो. ओल्या गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवू नका, गोठतो. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये उभी करा. वॉशरचं निळं पाणी उणे 20 फॅरनहाइटचं घ्या.

टायर आणि रिम सप्टेंबरमध्येच सांगून ठेवा. पहिला बर्फ पडला की दुकानांत आठवडाभराची रांग लागते आणि तुमच्या साइजचा टायर मिळेलच असं नाही. उन्हाळी सेट घरात, गरम जागेत ठेवा आणि एप्रिलच्या मध्याआधी परत चढवायची घाई करू नका.