डास पळवणारी सुगंधी झाडे कोकणातल्या घरी कशी वाढवावीत?

रत्नागिरीजवळ खाडीकाठी नवे घर बांधले असून अंगणात व कुंड्यांत डास पळवणारी कोणती सुगंधी झाडे लावावीत आणि ती पावसाळ्यात कशी टिकवावीत, असे आपण विचारले आहे. मी गुहागर तालुक्यात राहतो आणि यांपैकी बहुतेक झाडे माझ्या परसात आहेत. मात्र झाड नुसते दारात उभे असले म्हणून डास येत नाहीत, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. या वनस्पतींचे सुगंधी तेल पानांतल्या सूक्ष्म ग्रंथींत बंद असते आणि पान चुरगळले, कापले किंवा जाळले तरच ते हवेत येते. त्यातही समुद्राचा वारा ते लगेच उडवून नेतो. म्हणून ही झाडे शोभेसाठी कोपऱ्यात न ठेवता पायवाटेच्या कडेला, पडवीच्या पायरीजवळ, जिथे जाता-येता त्यांची पाने हाताला येतील अशा जागी लावावीत.

पहिली पसंती सिट्रोनेला गवताला द्यावी. रोपवाटिकेत त्याच्या नावाखाली अनेकदा गवती चहाच मिळतो, तेव्हा पारखून घ्यावे. सिट्रोनेलाच्या बुंध्याकडचा भाग लालसर असतो, पाने अधिक रुंद व खाली झुकलेली असतात आणि ते चहात घालण्याजोगे नसते. गवती चहाचा बुंधा फिकट हिरवा असतो. गवती चहाच्या तेलात मुख्यतः सिट्रल, तर सिट्रोनेलाच्या तेलात सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल असते. थोडाफार उपयोग दोन्हींचा होतो आणि चहाची सोयही हवी असेल, तर दोन्ही लावण्यास हरकत नाही. दोन्ही गवतांची लागवड मुळांसकट वेगळ्या केलेल्या फुटव्यांपासून होते. कुंडी किमान बारा इंची असावी आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळावे. ठोंब दाट झाला की वीतभर बुंधा राखून पाने कापावीत, आणि दोन-तीन वर्षांनी तो उपटून, विभागून पुन्हा लावावा, नाहीतर मधला भाग वाळत जातो.

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे इथे झाडे तहानेने मरतात त्याहून जास्त मुळे कुजून मरतात. जांभ्याची लाल माती, कुजलेले शेणखत आणि नदीची वाळू असे मिश्रण करावे. किनाऱ्यावरची वाळू खारी असल्याने ती फुकट मिळाली तरी वापरू नये. तुळस आणि पानओवा पागोळीखाली मुळीच ठेवू नयेत. पावसाळ्यात त्यांना पडवीत उजेडाच्या बाजूला घ्यावे आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी घालू नये. तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या की ती पानांनी भरते. पानओव्याची फांदी खोचली तरी रुजते. निर्गुडीला असले लाड लागत नाहीत. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने तिच्या फांद्या लावून द्याव्यात, खारा वारा ती निमूट सोसते.

‘मच्छर प्लांट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी जिरॅनियमवर पैसे घालवू नयेत. त्याच्या पानांवर डास खुशाल बसतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे, आणि आपल्या दमट पावसाळ्यात ते बहुधा कुजतेच.

तिन्हीसांजेला सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) निखाऱ्यावर निर्गुडीची किंवा कडुलिंबाची सुकी पाने टाकून धुरी करण्याची पद्धत आपल्याकडे आहेच, आणि तिने काही वेळ डास कमी होतात. परंतु घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल असल्यास ती टाळावी. शिवाय डेंग्यूचा एडीस डास दिवसा चावतो, त्याच्यावर सांजेच्या धुरीचा काय उपयोग? पानांचा रस अंगाला चोळायचा असल्यास आधी मनगटावर लावून पाहावा, कारण काहींना पुरळ उठते. त्याचा परिणामही लवकर ओसरतो. डेंग्यूची साथ असताना मच्छरदाणी आणि औषधाच्या दुकानातले मलमच वापरावे.

आता कुंड्यांविषयी. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी हे एडीसचे आवडते ठिकाण असल्याने डासांसाठी झाडे लावायची आणि ताटल्यांत डासच वाढवायचे, असे अनेक घरांत घडते. कुंड्या ताटलीऐवजी दोन चिऱ्यांवर, मध्ये फट सोडून ठेवाव्यात. ताटली हवीच असेल, तर आठवड्यातून एकदा नुसती ओतून न देता काथ्याने घासावी, कारण एडीसची अंडी कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. परसातल्या करवंट्या आणि सुपारीच्या झावळ्यांचे खोलगट देठ पालथे करावेत, शौचटाकीच्या वायुनळीला जाळी बांधावी आणि विहीर असल्यास तिच्यात गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारल्यास बऱ्याचदा मिळतात.