मांडीच्या आतल्या स्नायूंच्या व्यायामाची सुरुवात कुठून करायची?
अरे, पहिल्याच आठवड्यात स्प्लिटच्या (दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीला टेकवणं) मागे लागू नकोस. मांडीच्या आतल्या बाजूला पाच स्नायू असतात, त्यातला ग्रॅसिलिस तेवढा गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला जोडलेला, म्हणून बटरफ्लायमध्ये (बसून तळवे एकमेकांना जुळवायचे, गुडघे बाजूला सोडायचे) गुडघे वाकले की तो बराच ढिला पडतो आणि पाय सरळ ठेवून फाकवले की लगेच गुडघ्याच्या आतल्या बाजूला ओढ जाणवते. हे दोन्ही स्ट्रेच करायचे.

सध्या एवढंच:
- पाठीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी दाबायची, ५ सेकंद, १० वेळा
- साइड लंज (एक पाय बाजूला लांब टाकून त्याच गुडघ्यात वाकायचं), खाली जाताना हळू
- स्ट्रेच शेवटी, अंग गरम असताना, ३० सेकंद

बटरफ्लायमध्ये गुडघे फडफडवू नकोस, हाताने तर दाबूच नकोस (मी दाबले होते, दोन आठवडे जिना चढताना बोंब). जांघेत टोचलं की तिथेच थांब. कोपनहेगन प्लँकचं (वरचा पाय बाकावर टेकवून कुशीवर अंग उचलून धरायचं, अवघड प्रकार) नंतर बघू.