७४ टक्के मिळाले, तरी आयटीआय?

प्रश्न : आम्ही कागल तालुक्यात राहतो. थोरल्या मुलीला दहावीला ७४ टक्के मिळाले. तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. माझ्या भावाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, सुट्टीभर ती तिथंच असते. तिचे वडील म्हणतात, एवढे मार्क असताना आयटीआय कशाला, सायन्सला घालू, बारावी तरी पदरात पडेल. नातेवाईक म्हणतात, पोरीला कंपनीत कोण घेणार, आणि उद्या लग्नाचं काय? आयटीआय केलं की पुढचं शिक्षण बंद होतं का?
– एक आई

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी मामाच्या दुकानापाशी थांबले. जळालेली विजेची मोटार उघडायची, जुनी तार काढताना वेढे मोजायचे, स्लॉटमध्ये कागद बसवून नवी कॉइल भरायची, वार्निश वाळेपर्यंत दम धरायचा आणि शेवटी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघायचं. हे काम पहिल्या दिवशी कुणालाही गमतीचं वाटतं. सुट्टीभर रोज तिथं जाऊन बसणाऱ्या मुलीची ओढ मात्र खरी असते. तरीही भावाला एकदा बाजूला घेऊन विचारा : ती नुसती बघते की तार हातात घेते? वेढे चुकले तर कुरकुर न करता पुन्हा उलगडते का? 'जमतंय तिला' असं तो म्हणाला, तर माझं मत स्पष्ट आहे. तिला जाऊ द्या.

'मार्क कमी पडले म्हणून आयटीआय' हा समज आता सोडायला हवा. सरकारी आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन होतात, गुणवत्ता यादी लागते आणि इलेक्ट्रिशियनला, म्हणजे फॉर्मवरच्या 'वीजतंत्री'ला, मुलांची पहिली उडी असते. तिचे ७४ टक्के तिथं वाया जाणार नाहीत, उलट उपयोगी पडतील. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, त्याचाही आधार आहे.

तिच्या बाबांची काळजी मला समजते. पण 'बारावी तरी पदरात पडेल' एवढ्याच कारणासाठी सायन्स घेणं मला मुळीच पटत नाही. दोन वर्षं क्लासची फी भरायची, सीईटीच्या मागे धावायचं, आणि मन रमलं नाही की बारावीनंतर पुन्हा आयटीआयचाच फॉर्म भरायचा. अशी मुलं मला दरवर्षी भेटतात. त्यांची दोन वर्षं कुणी भरून देत नाही.

आता दारं बंद होतात का, ते सांगते. दोन वर्षांचा ट्रेड, म्हणजे आयटीआयचा अभ्यासक्रम, पास झाल्यावर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बोर्डाच्या भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळते. म्हणजे बाबांना हवी असलेली बारावी याही वाटेवर आहे. काही दारं मात्र खरंच बंद होतात. डॉक्टर, फार्मसी, बीएस्सी नर्सिंग किंवा बीएस्सी यांपैकी काही तिच्या मनात असेल तर त्याला अकरावी-बारावी सायन्सच लागतं. हे तिच्याशी आत्ताच बोलून घ्या.

थेट दुसऱ्या वर्षात गेलेली मुलं अडखळतात ती गणितात. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, मॅट्रिक्स त्यांचं झालेलंच नसतं आणि दुसरं वर्ष थांबत नाही. पुढं शिकायची इच्छा असेल तर पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक आयटीआयच्या काळातच घरी सोडवायला घ्या. आयटीआयतही ड्रॉइंग आणि वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतंच. गणित टाळायला म्हणून ती तिकडं चालली असेल तर पुन्हा विचार करा.

तुम्ही विचारलं नाही, पण एक तिसरी वाटही आहे : दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमा. ७४ टक्क्यांवर त्याचाही फॉर्म भरता येईल. फरक साधा आहे. डिप्लोमात वही-पुस्तक जास्त, आयटीआयत हात जास्त. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ती पहिल्या वर्षी वायरचे जॉइंट मारेल, सोल्डरिंग करेल, जिन्याचं वायरिंग बोर्डवर उभं करेल : एक दिवा, दोन टू-वे स्विच, खालून लावायचा आणि वरून बंद करायचा. अर्थिंगचा खड्डा कसा भरायचा तेही शिकेल. हे वाचून तिचे डोळे चमकले तर आयटीआय. 'मला मशीन कसं डिझाइन करतात ते शिकायचंय' असं ती म्हणाली, तर डिप्लोमा.

नातेवाइकांना काय सांगायचं? कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी तुमच्या दारात आहे, गोकुळ शिरगाव आणि शिरोली जवळ आहेत. मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन लागत नाही असा कारखाना नसतो, आणि मुली हे काम करू लागल्या आहेत. महावितरणच्या विद्युत सहायक पदालाही हाच ट्रेड चालतो. अडचणी आहेत, त्या लपवणार नाही. अप्रेंटिसशिप, म्हणजे आयटीआयनंतरची कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, संपली की कायम न करता कंत्राटावर ठेवणारे कारखाने आहेत, नाइट शिफ्ट आहे, मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसलेली शेड आहेत. म्हणून अप्रेंटिसशिपसाठी कंपनी निवडताना स्टायपेंडच्या आकड्याआधी तिथं किती मुली काम करतात ते विचारा. राहिला लग्नाचा प्रश्न. स्वतःच्या हातात काम असलेल्या मुलीला घाईनं होकार द्यावा लागत नाही. ती ताकद तिच्याकडं असावी असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फॉर्ममध्ये विकल्प, म्हणजे संस्था आणि ट्रेडची पसंती, भरण्याआधी संस्था पाहून या, आणि तिला सोबत न्या. ऑफिसात बसू नका, वर्कशॉप दाखवा म्हणा. मोटारी आणि पॅनेल खरोखर चालू आहेत की धूळ खात आहेत? वीजतंत्रीला कायम निदेशक, म्हणजे शिकवणारा शिक्षक, आहे का? मागच्या वर्षीची मुलं अप्रेंटिसला कुठं गेली, त्यांची नावं सांगतात का? खासगी संस्था असेल तर ट्रेडला डीजीटीची, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची, संलग्नता आहे याचा कागद मागा, तोंडी उत्तरावर पैसे भरू नका. पहिला विकल्प तर फार जपून टाका, कारण तो लागला की घ्यावाच लागतो. जवळ आहे म्हणून भलताच ट्रेड वर टाकू नका. ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा एसटीच्या वेळाही बघून ठेवा.

जातीचा दाखला किंवा नॉन-क्रिमीलेअर लागणार असेल तर बाबांना या आठवड्यातच सेतू केंद्रात पाठवा. यादी लागल्यावर धावपळ केली तर तो वेळेत हातात येत नाही.