आवडती फँटसी मालिका संपल्यावर दोन दिवस रडू येतं आणि शेवटाचा रागही येतो, हे जरा अतीच होतंय का?

तुम्ही लिहिलंय की शेवटचं पुस्तक परवा रात्री संपलं आणि तेव्हापासून मधूनच डोळे भरून येतात. शेवट आवडला का असं कुणी विचारलं तर 'नाही' म्हणवत नाही, 'हो' म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होतं. आणि घरचे म्हणतात, "पुस्तकच आहे ना ते!"

अती वगैरे काही नाही. पण तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. मालिका संपली याचं दुःख वेगळं आणि ती अशी संपली याचा राग वेगळा. पहिल्या आठवड्यात ती वेगळी ओळखूच येत नाहीत. मला ओळखायला दहा वर्षं लागली. ती हकीकत सांगते. (पुढे हॅरी पॉटरचा अख्खा शेवट फोडणार आहे. वाचलं नसेल तर इथेच थांबा.)

हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक जुलै २००५ मध्ये आलं, सातवं २१ जुलै २००७ ला. मधली दोन वर्षं माझी आणि माझ्या मैत्रिणीची मिळून एक वही होती. डाव्या पानावर तिचे अंदाज, उजव्या पानावर माझे. सहाव्याच्या शेवटी त्या लॉकेटमधून चिठ्ठी निघते, खाली सही म्हणून नुसती तीन अक्षरं, आर. ए. बी. हा कोण? शाळेतला मास्तर स्नेप खरंच फितूर झाला, की त्याने मुख्याध्यापक डंबलडोरला मारलं ते डंबलडोरनेच सांगितलं होतं? हॅरी स्वतःच हॉरक्रक्स (खलनायकाच्या आत्म्याचा तुकडा जिच्यात दडवलाय अशी वस्तू) असेल का? हा शेवटचा अंदाज माझा. तो लिहून मी त्याच्याखाली बारीक अक्षरात "नसावा" असंही लिहिलं होतं.

सातवं पुस्तक बाजारात येण्याआधीच त्याच्या पानांचे फोटो नेटवर फुटले होते, म्हणून आम्ही दोघींनी चार-पाच दिवस कंप्युटरला हात लावला नाही. पुस्तक ६०७ पानांचं. दोन दिवसांत संपवलं. शेवटची पन्नासेक पानं उरली तेव्हा उजव्या हाताच्या चिमटीत ती जाडी जाणवत होती, आणि दर पानाला ती कमी होत होती. नजर पुढे उडी मारते म्हणून मी उजवं पान तळहाताने झाकून डावं वाचत होते. घाम आलेल्या हाताचा ठसा त्या पानांवर अजून आहे, जरा फुगलेला.

मग उपसंहार, ती 'एकोणीस वर्षांनंतर'ची शेवटची काही पानं आली. मी समासात पेन्सिलने लिहिलं, "हे काय??" दोन प्रश्नचिन्हं, दुसरं इतकं दाबून की मागच्या पानावर उमटलंय.

आठवड्याभराने आम्ही वही घेऊन बसलो आणि शिक्षक पेपर तपासतात तसे अंदाज तपासले. बरोबर, चूक, चूक, अर्धं बरोबर. 'हॅरी स्वतःच हॉरक्रक्स' बरोबर निघालं, आणि बरोबर निघाल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. सगळं तपासून झाल्यावर मैत्रिणीने वहीची मागची कोरी पानं फर्रकन उलटली आणि म्हणाली, "आता यात काय लिहायचं?"

तोपर्यंत मला वाटत होतं की मी हॅरीसाठी, त्याच्या मित्राचा भाऊ फ्रेडसाठी, स्नेपसाठी रडतेय. त्यांच्यासाठीही रडत होतेच. पण खरं संपलं होतं ते अंदाज करणं. शेवट छापून येईपर्यंत गोष्टीला जितके वाचक तितके शेवट असतात. त्या वहीतच दहा-बारा होते. एक छापून आला की बाकीचे सगळे त्या दिवशी बाद होतात, आणि त्यांच्यासाठी कुणी रडत नाही, कारण ते होते हेच कुणाच्या लक्षात येत नाही. मागच्या पुस्तकापासून पुढच्या पुस्तकापर्यंत वाट बघत जो वाढला त्याचं हे दुखणं मोठं असतं. तुम्ही सगळे भाग सलग वाचले असतील तर ते थोडं वेगळं असेल: वाट पाहिली नाही, पण रोज रात्री जायची एक जागा होती आणि ती एकदम बंद झाली.

आता घरच्यांचं वाक्य. पडद्यावरच्या माणसांशी आपलं एकतर्फी नातं जुळतं, त्याला 'पॅरासोशल' हा शब्द हॉर्टन आणि वोल या दोघांनी १९५६ मध्येच दिला. हे नातं तुटल्यावर काय होतं यावर 'फ्रेंड्स' ही टीव्ही मालिका संपल्यानंतर आयाल आणि कोहेन यांनी अभ्यास केला, तो २००६ मध्ये आला. ती फँटसी नव्हे, पण मुद्दा तोच. निष्कर्ष साधा होता: वाईट वाटतं ते खरंच वाटतं, पण खरं माणूस दुरावल्यापेक्षा सौम्य. म्हणजे तुम्हीही बरोबर आणि घरचेही थोडे बरोबर. त्यांना हे सांगायची गरज नाही.

राग हा भाग मला जास्त रंजक वाटतो, कारण त्यात खरंच काहीतरी तपासण्यासारखं असतं.

एक गोष्ट आठवून बघा. सातव्या पुस्तकात बरेच जण मरतात. तरी मी ज्यांना ज्यांना विचारलंय, त्यातले निम्मे तरी म्हणतात, "डॉबी गेला तेव्हा सगळ्यात जास्त रडलो." फ्रेड नाही, ल्युपिन नाही. असं का? डॉबी म्हणजे घरकाम करणारा जादुई गुलाम, तो काही सगळ्यांचा लाडका नव्हता, दुसऱ्या पुस्तकात तर त्याचा वैताग यायचा. फरक असा की डॉबीला पुरलं जातं. हॅरी फावडं मागून घेतो, जादू न वापरता हाताने खड्डा खणतो, हातांना फोड येतात. मित्र रॉन आपले बूट-मोजे काढून त्याच्या पायांत घालतो, आणि मोज्यामुळेच डॉबी गुलामीतून सुटला होता हे आपल्याला आठवतं. लुना म्हणते, डोळे मिटायला हवेत, आणि मिटते. हे सगळं लेखिका घाई न करता होऊ देते. फ्रेड मात्र प्रकरणाच्या शेवटी हसता हसता मरतो, आणि पुढच्या प्रकरणात त्याचं शव एका कोनाड्यात सरकवून सगळ्यांना पळावं लागतं, कारण लढाई चालू आहे. ल्युपिन आणि टॉन्क्स तर आपल्यासमोर मरतही नाहीत, थेट आडवे पडलेलेच दिसतात. लढाई संपल्यावर मोठ्या दालनात सगळे एकत्र बसतात खरे, पण ते थोडक्यात उरकतं, आणि पान उलटलं की एकोणीस वर्षं गेलेली.

आम्हाला दुसरा दिवस हवा होता. सकाळी उठून फ्रेडचा जुळा भाऊ जॉर्ज काय करतो, हे बघायचं होतं.

टोल्किनने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये नेमकं उलट केलंय. जिच्यासाठी सगळा प्रवास, ती अंगठी आगीत पडल्यानंतर पुस्तकात अजून सहा प्रकरणं शिल्लक असतात. राज्याभिषेक, निरोप, परतीचा प्रवास, घरी आल्यावर दिसलेली शायर या त्यांच्या मुलखाची नासधूस, आणि मग बंदरावरचा तो शेवटचा निरोप. २००३ च्या सिनेमात यातलं बरंच कापूनसुद्धा लोक "अजून किती शेवट?" म्हणून हसले. पण त्या सहा प्रकरणांमुळे नायक फ्रोडो जहाजात चढतो तेव्हा आपण रडतो, चिडत नाही. आणखी एक गंमत. टोल्किननेही 'काही वर्षांनंतर, फ्रोडोचा सोबती सॅम आणि त्याची मुलं' असा उपसंहार लिहिला होता. इतरांना तो रुचला नाही, म्हणून त्याने काढून टाकला. तो छापला गेला थेट १९९२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर मुलाने त्याची हस्तलिखितं प्रसिद्ध केली तेव्हा.

'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेच्या शेवटाचा राग तुम्हाला माहीत असेलच. शेवटचा भाग १९ मे २०१९ ला आला, आणि आठवा सीझन नव्याने काढा या मागणीवर पंधरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. लोक हसले त्या अर्जाला. मी नाही हसले, फक्त एकदाच, अर्ज ज्या नेटाने लिहिलाय त्या नेटाने पटकथा लिहिली असती तर, असं मनात आलं तेव्हा. राणी डेनेरिस शहर जाळणार याची चाहूल आधीपासून होती. पण सहा भागांच्या सीझनमध्ये ती तिथवर पोचली एखाद्या आठवड्यात. लोकांना तिचं बदलणं खटकलं त्यापेक्षा ते बघायला मिळालं नाही हे जास्त खटकलं. आणि ज्यांनी मुलींची नावं तिच्या पदवीवरून खलीसी ठेवली होती (अमेरिकेत अशा शेकडो मुली आहेत), त्यांचं तर काय बोलायचं.

दुसऱ्या टोकाला 'व्हील ऑफ टाइम'. पहिलं पुस्तक १९९० चं. लेखक रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये गेला, मालिका अपुरी. शेवटचा प्रसंग मात्र त्याने आधीच लिहून ठेवला होता. टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने आणखी तीन पुस्तकं लिहिली आणि चौदावं, शेवटचं, जानेवारी २०१३ मध्ये आलं. त्यातही खोट काढायला जागा आहे, लोक काढतातही. पण त्या वाचकांशी बोललात तर सूर वेगळाच लागतो. शेवट कसा आहे याआधी, शेवट आहे, हेच त्यांना पुरलं.

आणि टेरी प्रॅचेटचे काही वाचक तर तिथवरही गेले नाहीत. 'डिस्कवर्ल्ड'चं एक्केचाळिसावं पुस्तक २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी आलं. ते विकत घेऊन न वाचता ठेवणारे लोक आहेत. एक शिल्लक राहावं म्हणून. मी त्यांच्यातलीच.

बरं, माझ्या पेन्सिलीच्या प्रश्नचिन्हांकडे येते. कथेतली कालगणना जुळवली तर ती 'एकोणीस वर्षांनंतर'ची तारीख १ सप्टेंबर २०१७ येते. त्या दिवशी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर चाहते खरंच जमले होते. मी घरी बसून ती पानं पुन्हा वाचली, दहा वर्षांत पहिल्यांदा. आणि पहिल्या वाचनात मला एक गोष्ट दिसलीच नव्हती. हॅरीच्या मुलांना जादूच्या शाळेत नेणारी गाडी सुटते, वळणावर दिसेनाशी होते, आणि हॅरी हात वर केलेला तसाच फलाटावर उभा राहतो. पुस्तकामागून पुस्तक तो त्या गाडीत बसून गेला, त्याच्याबरोबर आपणही गेलो. या वेळी गाडी दुसऱ्यांना घेऊन जाते. २००७ मध्ये मला राग आला होता तो याचा होता. मला फलाटावर सोडलं होतं. लिखाणात दोष आहे असं समजून मी दहा वर्षं त्या पानांना शिव्या घालत होते.

मात्र सगळाच राग असा विरघळला नाही. हॅरीने मुलाचं नाव डंबलडोर आणि स्नेपवरून आल्बस सेव्हरस ठेवणं मला आजही पटत नाही. आणि दुसरा दिवस दाखवला नाही ही तक्रार तर पुन्हा वाचल्यावर अजून पक्की झाली. जी उरली ती खरी तक्रार, एवढं मला कळलं.

तर तुम्ही सध्या शेवट आवडला की नाही हे ठरवूच नका. आठवडाभर इतरांची मतं, व्हिडिओ, 'शेवट का फसला'छाप लेख बाजूला ठेवा, नाहीतर त्यांचा राग उसना घेऊन बसाल. रडू येतंय तोवर रडा. फार अस्वस्थ वाटलं तर फॅनफिक्शनकडे, म्हणजे चाहत्यांनीच लिहिलेल्या कथांकडे, वळा. हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी तर उपसंहार झालाच नाही असं धरून लिहिलेल्या कथांसाठी खास शिक्का केलाय: 'एपिलॉग? कसला एपिलॉग?' त्यात जॉर्जचा दुसरा दिवस लिहिणारेही पुष्कळ सापडतात, आणि काही जणांनी तो फार बरा लिहिलाय. नवी मालिका मात्र लगेच सुरू करू नका. मी केली होती, आणि त्या बिचाऱ्या पुस्तकाला पन्नास पानांतच "तू ते नाहीस" म्हणून मिटून टाकलं. त्याची चूक नव्हती.

सहा महिन्यांनी शेवटची तीन-चार प्रकरणं फक्त पुन्हा वाचा. तेव्हा हाताने पान झाकावं लागणार नाही.

आणि तुम्ही मालिका कोणती ते लिहिलंच नाहीये. प्रतिसादात सांगा. मी वाचलेली असेल तर शेवटावरून भांडायची माझी तयारी आहे.